बशी मोठी, घास लहान

चंद्रपुरात बाहेर जेवायला जायचं म्हटलं की आजवर प्रश्न एकच असायचा: सावजी की साधं? दोन्हीकडे ताट भरून यायचं आणि दोन्हीकडे घाम फुटायचा. आता तसं राहिलं नाही. ताडोब्याचे वाघ पाहायला पुण्या-मुंबईची माणसं येऊ लागली, त्यांच्यामागून रिसॉर्टं आली आणि रिसॉर्टांचं वारं शहरातही शिरलं. नागपूर रोडला अशीच एक जागा निघाली आहे. दिवे इतके मंद, की मेनूकार्ड वाचायला मोबाईलची बॅटरी लावावी लागते. भिंतीवर सुपं नि टोपल्या टांगलेल्या. मासे धरायच्या बांबूच्या सापळ्यात बल्ब. पावसाळ्यात ज्यानं तो सापळा ओढ्याच्या धारेला लावला असेल, त्याला हा बल्ब बघून आपला मासा आठवेल.

एका मित्राच्या निवृत्तीचं निमित्त काढून आम्ही चौघं तिथे गेलो. चौघांची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचा सारा घोळ त्यातूनच झाला. गुरुजी नागभीडकडचे, म्हणजे धानाच्या पट्ट्यातले. नोकरी मात्र सगळी गडचिरोलीत. अण्णा सिरोंच्याचे, घरात तेलुगू, दारात मराठी. दादा बंगाली कॅम्पातले. वडील पूर्व पाकिस्तानातून आलेले, स्वतःचा जन्म इथलाच, आणि रागावले की अस्सल चांदा बोलीत रागावतात. चौथा मी. आमच्या घरी सांभारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, हाच धर्म आहे.

कार्डावर जिकडेतिकडे जंगल होतं. जंगल सूप, जंगल टाको, जंगल चटणी. ज्यांच्या गावात अधूनमधून वाघ येऊन जातो, त्यांना जंगलाचं एवढं कौतुक सहसा नसतं. त्यात एका ओळीत 'मोहा' छापलेलं गुरुजींना दिसलं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तिथे हयात घालवलेल्या माणसानं असा शब्द उघड्यावर पाहिला की तो आधी दाराकडे बघतो.

"का जी, हे इथं चालते?" गुरुजींनी आवाज खाली घेतला.

"गुरुजी, चंद्रपूरची बंदी २०२१ मध्येच उठली नं!" दादा म्हणाले.

आलं ते आइस्क्रीमवर ओतलेलं मोहाचं सिरप. गुरुजींचा जीव भांड्यात पडला. थोडा हिरमुसलाही असावा. खरं म्हणजे मोहफूल हे आधी अन्न. मार्च-एप्रिलात पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो, बाया-पोरं टोपल्या घेऊन वेचायला जातात, अंगणात वाळवतात. भाजून, कुटून त्याचे लाडू होतात. दारूनं त्याचं नाव घेतलं आणि फुलाला मागे टाकलं. डॉ. राणी बंग यांचं 'गोईण' ज्यांनी वाचलं आहे, त्यांना इथल्या बाया आणि झाडं यांच्या नात्याबद्दल मी वेगळं सांगायला नको.

मग एकेक पदार्थ येऊ लागला. ताडोब्याच्या उंच गवतात वाघ शोधावा तसा तो बशीत शोधावा लागत होता. आणि प्रत्येक पदार्थासोबत एक तरुण वेटर येऊन त्याचा परिचय करून देई, सत्कार समारंभात पाहुण्याचा देतात तेवढा लांब. हे म्हणजे कोचईच्या पानातलं अमुक, वर चिंचेचं तमुक. तिसऱ्या बशीत पांढरट काप होते. त्यानं इंग्रजीत बांबूचं नाव घेतलं.

"म्हणजे वास्ते!" गुरुजी आनंदाने ओरडले. "पण हा वास्त्याचा मोसम होय का रे बाबू?"

"नाही सर. डब्यातले आहेत."

बांबूच्या जिल्ह्यात डब्यातला बांबू. गुरुजींनी त्याचं गाव विचारलं. तो एटापल्लीकडचा निघाला. आता आम्हांला वाटलं, हा पोरगा गहिवरणार, आई वास्ते कसे सोलते, बारीक कापून कडू पाणी कसं काढून टाकते ते सांगणार. तो म्हणाला, "घरी लय खाल्ले जी. मले तर मंचुरियन आवडते."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मंचुरियन तरी कुठलं? १९७५ च्या सुमारास मुंबईत नेल्सन वाँग यांनी ते पहिल्यांदा केलं असं सांगतात. चीनला त्याचा पत्ता नाही. आणि आज ते अहेरी-एटापल्लीपर्यंत पोचलं.

शेवटी इटालियन पद्धतीचा भात आला, गिच्च. धानपट्ट्यातल्या माणसापुढे गिच्च भात ठेवणं म्हणजे यजमानाची फजिती. गुरुजींच्या गावी सून अशा भाताने वर्षभर बोलणी खाते. पण गुरुजी भडकले नाहीत, त्यांना दादाजी खोब्रागडे आठवले. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे हे अल्पभूधारक शेतकरी. आपल्या शेतातल्या पटेल-३ धानात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या त्यांनी निवडून ठेवल्या आणि वर्षानुवर्षं निवडत बारीक दाण्याचं नवं वाण केलं. व्यापाऱ्याने त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याचं नाव ठेवलं एचएमटी. २००५ मध्ये राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, २०१८ मध्ये ते गेले. फ्युजन म्हणाल तर हे: शेतकऱ्याचं धान आणि घड्याळाचं नाव. कार्डावर त्यांचं नाव कुठे नव्हतं.

तिथून गप्पांना तोंड फुटलं. अण्णा सांगू लागले, सिरोंच्यात लग्नात पुलिहोरा नसेल तर लग्न लागलं असं कुणी मानत नाही. दादांनी आईच्या माछेर झोलमध्ये वैनगंगेचा मासा आणि भिवापुरी मिरची कशी नांदते ते सांगितलं. मी सांभारवडीवर बोललो, जरा जास्तच बोललो. इतकी वर्षं आम्ही एकमेकांच्या घरी जेवलो, पण असं कधी बोललो नव्हतो. घरी तोंडात घास असतो आणि वाढणारी "घ्या नं जी" म्हणत डोक्यावर उभी असते. इथे बशी मोठी, घास लहान, बोलायला जागाच जागा. या हॉटेलाचा हा गुण मी मोकळेपणानं मान्य करतो.

बिल पाहून अण्णा तेलुगूत काहीतरी म्हणाले. आम्ही अर्थ विचारला नाही. मग चौघं मिळून चायनीजच्या गाडीवर गेलो आणि पोटभर मंचुरियन खाल्लं. एटापल्लीचा पोरगा चुकीचं सांगत नव्हता.

तेव्हा तुम्ही ताडोब्याला याल तर अशा हॉटेलात जरूर जा, मात्र दुपारी नीट जेवून जा. आणि एकदा पावसाळ्यात या. जुलै ते सप्टेंबर ताडोब्याचा गाभा बंद असतो, वाघाची हमी कुणी देणार नाही; पण वास्ते आणि सात्या, म्हणजे रानातली अळंबी, तेव्हाच मिळतात, तेही डब्याशिवाय. कुणी घरी जेवायला बोलावलं तर मान मोडू नका. फक्त सांभारवडी पुढे आली की सॉस मागू नका.