सरपंच घाट चढतात

खोपोलीला नगरपरिषद आहे, त्यामुळे सरपंच नाही. ही उणीव आमच्या गल्लीत एका कुत्र्याने भरून काढली. रस्त्याच्या बरोबर मधोमध बसायचं, आल्यागेल्याकडे अर्ध्या डोळ्याने बघायचं आणि कुणी कितीही हॉर्न वाजवला तरी उठायचं की नाही ते स्वतः ठरवायचं, या गुणांवर लोक त्याला सरपंच म्हणू लागले. मग एका पावसाळ्यात (आमच्याकडे पावसाळा असतो, बाकीच्यांकडे नुसता पाऊस पडतो) ते आमच्या जिन्याखाली आले आणि तिथून स्वयंपाकघरापर्यंत बिनविरोध पोचले. तेव्हापासून त्यांना अहो-जाहो करणं आम्हाला भाग आहे.

बहिणीची तळेगावला वास्तुशांत निघाली. दोन दिवस जायचं म्हणजे सरपंचांचं काय, हा प्रश्न आला. शेजारच्या काकांनी हात जोडले. मागच्या वेळी सरपंचांनी त्यांची एकच चप्पल खाल्ली होती. दोन्ही खाल्ल्या असत्या तर इतकं वाईट वाटलं नसतं, म्हणाले. रेल्वेचा नियम असा, की कुत्रा न्यायचा तर फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवा. पेटी सरपंचांना मानवणारी नव्हती आणि कूपे मला. राहिली आमची जुनी गाडी.

वाहनात कुत्रा घेण्यावरून झालेला पहिला वाद महाभारतातला. महाप्रस्थानिक पर्वात इंद्र रथ घेऊन वाटेत उभा, आणि युधिष्ठिर म्हणतो, हा कुत्रा येणार असेल तरच मी येतो. एवढी चर्चा झाली, पण कुत्रा रथात कुठे बसणार, त्याला धरणार कोण, हे कुणी विचारलं नाही. विचारावं लागलंही नाही, कारण तो कुत्रा साक्षात धर्म निघाला. आमचे सरपंच गाडीत बसल्यावर कुणीही निघत नाहीत. ते ओकतात. दत्तगुरू या बाबतीत शहाणे. चार कुत्रे पाळले आणि आयुष्यभर पायी हिंडले.

हे ओकणं कर्जतच्या वाटेवर कळलं. लस टोचायला नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी आधी सरपंचांकडे, मग माझ्या शर्टकडे पाहिलं आणि समजावलं. गाडीत डोळे सांगतात की आपण बसलोय आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय. या भांडणात पोट मरतं. निघण्याआधी काही तास खायला देऊ नका, वाटेत थोडं थोडं पाणी द्या, काच जराशी खाली ठेवा, पण डोकं बाहेर काढू देऊ नका.

आईने हे ऐकलं आणि ती गप्प झाली. तिला जन्मभर गाडी लागते. आवळासुपारी, आलेपाक, लिंबू हुंगणं, पोटाला वर्तमानपत्र बांधणं, सगळं झालंय. "चाळीस वर्षं मला पित्त सांगतायत," ती म्हणाली, "आणि कुत्र्याला एका दिवसात कान सांगितला!" त्या दिवसापासून तिचं सरपंचांशी नातं बदललं. माझ्यावर गेलाय, असं ती लोकांना सांगू लागली.

डॉक्टरीणबाईंनी सरावही सांगितला होता. आधी बंद गाडीत बसवा, मग इंजिन सुरू करून बसवा, मग छोटी फेरी मारा. बंद गाडी सरपंचांना इतकी आवडली की ते उतरेनात. तीन संध्याकाळी मी उभ्या गाडीत त्यांच्याशेजारी बसून होतो. चौथ्या दिवशी वाण्याने हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" पुढे आम्ही शीळफाट्यापर्यंत गेलो, मग महडच्या वरदविनायकापर्यंत. तिथून कोरडे परत आलो तेव्हा मी देवाला नव्याने नमस्कार केला.

राहिला पट्टा. कुत्र्यांसाठी एक आखूड पट्टा मिळतो. त्याचं एक टोक सीटबेल्टच्या बक्कलमध्ये खटकन बसतं आणि दुसरं कुत्र्याच्या छातीभोवतीच्या पट्ट्याला अडकवायचं. गळ्याच्या पट्ट्याला नाही, कारण झटका बसला तर मान जाते. मला हे लाड वाटले. अकरावीतल्या लेकीने कागद ओढला. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी एकदम थांबली, तर आत जे जे मोकळं आहे ते त्याच वेगाने पुढे जातं. तो वेग म्हणजे जवळजवळ दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडल्याचा. "आता बाबा, सरपंच १८ किलो," ती म्हणाली, "आणि मागच्या सीटवर आजी बसली तर ५८ किलो..."

"माझं वजन तुला कुणी सांगितलं?" आतून आवाज आला.

गणित तिथेच थांबलं, पण मुद्दा राहिला. मागच्या सीटचे बेल्ट आम्ही कधी लावलेच नव्हते. गाडी घेतल्याच्या आठवड्यात त्यावर मखमली सीटकव्हर चढवलं, त्याखाली बक्कलं गाडली गेली, त्याला बारा वर्षं झाली. आता सरपंचांसाठी उत्खनन सुरू केलं. एक बक्कल काढेपर्यंत साडेअकरा रुपये सुटे, शेंगदाणे, कानातल्याचं एक मळसूत्र आणि कुणाच्या तरी लग्नातली अक्षत मिळाली. अठ्ठावन्न किलोंसाठी जे बारा वर्षांत केलं नाही ते अठरा किलोंसाठी एका दुपारी झालं, असं आई म्हणाली. मी दुसरं बक्कल काढायला घेतलं.

निघालो. गाडी बायको चालवत होती. गाडी लागते म्हणून आई पुढे, मागे मी, मधे सरपंच, पलीकडे लेक. सरपंचांना पुढे बसायचं होतं, पण एअरबॅग माणसाच्या मापाची असते. ती कुत्र्याच्या तोंडावर फुटली तर वाचवायच्या ऐवजी मारेल. जुना घाट घेतला, कारण एक्स्प्रेसवेवर मनात आलं तिथे थांबता येत नाही आणि उलटी काही बोर्ड बघून येत नाही. शिवाय जाहिरातीवरून अमृतांजन नाव पडलेला तिथला पूल, गाडी लागणाऱ्यांना निदान नावाने तरी धीर देणारा, २०२० साली पाडला.

आणि जुन्या घाटात शिंग्रोबा आहे. इंग्रजांना बोरघाटाची वाट दाखवणारा हा धनगर. बक्षीस काय हवं विचारल्यावर त्याने स्वातंत्र्य मागितलं आणि त्याला गोळी मिळाली, असं सांगतात. अजूनही ड्रायव्हर त्याच्या देवळासमोर नाणं टाकतात. आई तर पाच पैशांच्या काळापासून टाकते.

देऊळ आलं. बायकोने गाडी हळू केली. आईने काच पूर्ण खाली घेतली, डोळे मिटले आणि पाचाचं नाणं भिरकावलं.

इथे एक सांगायचं राहिलं. लेकीने दोन महिने खपून सरपंचांना एकच विद्या शिकवली होती. हातातून काही सुटलं की धावायचं आणि ते परत आणून द्यायचं.

अठरा किलो उठले. लेकीने दयेपोटी पट्टा जरा सैल सोडला होता, तेवढ्या मापाने सरपंच दोन सीटांच्या मधून पुढे गेले. पुढचे पाय हँडब्रेकवर, नाक आईच्या अंबाड्यात. तिथे पट्टा ताणला आणि ते हवेत थबकले. पट्टा नसता तर ते आईच्या मांडीवरून खिडकीबाहेर, सरळ ट्रकसमोर गेले असते. बायकोने स्टिअरिंग सुताभरही हलवलं नाही. एवढंच म्हणाली, "अहो, त्यांना मागे घ्या." आईचे डोळे अजून मिटलेलेच होते. अंबाड्यात थंडगार काहीतरी लागलं ते तिला बहुतेक शिंग्रोबाचा कौल वाटलं.

लोणावळ्याला सगळे खायला उतरले. आत कुत्रा चालत नाही आणि उन्हात बंद गाडीत कुत्रा ठेवायचा नाही. अमेरिकेत २००५ साली मोजून पाहिलंय, की उन्हात उभ्या गाडीत तासाभरात सरासरी २२ अंश वाढतात, त्यातले बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात. काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला घाम येतो तो पंजांना, बाकी सगळी भिस्त जिभेवर. म्हणून मी आणि सरपंच बाहेर झाडाखाली उभे राहिलो. लेकीने एक वडापाव आणून दिला. जाताजाता एका गृहस्थांनी थांबून विचारलं, "तुम्हाला आत घेत नाहीत का?" मी म्हटलं, यांच्याबरोबर आलोय.

परतीला शिंग्रोबा यायच्या आधीच आईने हुकूम सोडला, "त्याचं तोंड तिकडे फिरव." मी बिस्किटाने सरपंचांना मागच्या काचेकडे वळवलं. लेकीने पट्टा आखडला. बायकोने गाडी हळू केली. आईने डोळे मिटून नाणं फेकलं. सगळ्या गडबडीत काच खाली घ्यायची राहिली होती. ठण्ण वाजलं, नाणं उलटं आलं आणि मागे कुठेतरी सीटच्या फटीत गेलं. सरपंचांनी बिस्किट सोडून फटीत नाक खुपसलं ते शीळफाट्यापर्यंत काढलं नाही.

नाणं अजून तिथेच आहे. तिसरं बक्कल काढताना सापडेल. आईने बजावून ठेवलंय, ते घरच्या सुट्ट्यात मिसळायचं नाही.