स्वखुशीचा भरणा

मनुष्य तीन ऋणे शिरावर घेऊनच जन्मास येतो, असे आमचे शास्त्रकार सांगून गेले. त्यांच्या हयातीत सहकारी गृहनिर्माण संस्था नव्हत्या, म्हणून ही गणना तीनवर थांबली, याबद्दल त्यांना बोल लावण्याचे कारण नाही. १९१५ साली मुंबईस गावदेवीत सारस्वत मंडळींनी अशी संस्था काढली आणि ती कल्पना पुढे सर्वत्र फोफावली, तेव्हापासून सदनिकाधारकाच्या माथी जे चौथे ऋण बसले आहे, त्याला मेंटेनन्स म्हणतात. देव, ऋषी आणि पितर यांच्यापैकी कोणी थकबाकीवर व्याज आकारल्याचे ऐकिवात नाही. या चौथ्या ऋणावर मात्र उपविधींनुसार दरसाल दर शेकडा २१ पर्यंत सरळव्याज चढते, आणि थकबाकीदाराचे नाव जिन्याखालच्या फलकावर, पाणी केव्हा येणार नाही या सूचनेच्या शेजारी, सर्वांच्या वाचनार्थ लागते.

आमच्या मालकीची जी दुसरी लहानशी सदनिका आहे, तीत आमची कन्या, तिचे यजमान आणि आमचा नातू राहतात. सभासद स्वतः राहत नसेल तर संस्थेस त्याच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेता येते, परंतु ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, आणि सभासदाचे कुटुंबीय, विवाहित कन्या किंवा नातवंडे तेथे नांदत असतील तर मुळीच घेऊ नये, असा राज्य सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा हुकूम असून मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली तो ग्राह्यही धरला आहे. असे असता आमच्या बिलात ही रक्कम कशी अवतरली, असे विचारले तेव्हा सेक्रेटरी अत्यंत मार्दवाने म्हणाले, ‘‘मुलगी आपली, नातूही आपला, हे समितीला मान्य आहे हो, पण दारावर पाटी जावईबापूंची आहे ना!’’ जामाताला दहावा ग्रह मानण्याची रूढी आम्हांस ठाऊक होती. त्या ग्रहाची दशा दरमहा सासऱ्याच्या बिलात उतरते, हा ज्योतिषशास्त्रातील नवा सिद्धांत होता.

हुकूम पाठ असूनही आम्ही ती रक्कम निमूटपणे, किंबहुना हसतमुखाने, भरत राहिलो. ज्या गृहस्थाशी लिफ्टमध्ये रोज चार मजले एकत्र चढावयाचे, ज्याच्या घरचा गणपतीचा प्रसाद खावयाचा आणि ज्याच्या हाती टाकीच्या खोलीची किल्ली, त्याच्याशी मासिक शुल्कावरून वैर धरणे हे आम्हांस गृहस्थधर्मास सोडून वाटले. पुढे जावईबापूंनीच हिशेब मांडला, रकमेचा आकडा सौभाग्यवतींच्या कानी गेला, आणि आम्ही परताव्याचा रीतसर अर्ज दाखल केला. त्यावर आलेले उत्तर एका ओळीचे होते : सदर रकमेचा भरणा आपण स्वखुशीने केलेला असल्याने विनंती नामंजूर.

हे उत्तर सेक्रेटरींच्या प्रतिभेचे फळ आहे अशी आमची प्रथम समजूत झाली; परंतु चौकशीअंती त्याचे कुळ फार जुने व विलायती निघाले. १८०२ साली इंग्लंडात एका विमा उतरविणाऱ्याने, कायद्याने आपण देणे लागत नव्हतो असे उमगल्यावर, दिलेले शंभर पौंड परत मागितले, तेव्हा लॉर्ड एलेनबरो यांनी, वस्तुस्थिती ठाऊक असताना केवळ कायद्याच्या अज्ञानापोटी दिलेले पैसे परत मिळत नाहीत, असा निवाडा दिला. तो दंडक अमेरिकेतील अनेक न्यायालयांनी उचलला, आणि तिथल्या घरमालक संघांस तो आजही उपयोगी पडतो. आमच्याकडील १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७२ मात्र अधिक दयाळू आहे : चुकीने किंवा जबरदस्तीने दिला गेलेला पैसा घेणाऱ्याने परत केला पाहिजे. यातील जबरदस्तीचा अर्थ संकुचित नव्हे, असे प्रिव्ही कौन्सिलने १९१३ साली, गैरवाजवी जप्ती उठविण्यासाठी निषेध नोंदवून भरलेल्या रकमेच्या दाव्यात सांगितले. चुकीत कायद्याविषयीची चूकही येते, हे त्यानेच १९४९ साली मान्य केले. आणि १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने तोच न्याय लावून बनारसच्या एका पेढीस चांदीच्या वायद्यांवर भरलेला विक्रीकर परत देवविला.

येथवर वाचून आमची छाती फुगली, आणि लगेच बसली. कारण चूक म्हणावी, तर सदर हुकूम आम्हांस ठाऊक नव्हता असे प्रतिज्ञेवर सांगावे लागणार. आणि तो आम्ही समितीच्या प्रत्येक सदस्यास, त्याची इच्छा नसताना, वाचून दाखविलेला. जबरदस्ती म्हणावी, तर ज्यांनी आयुष्यात कुणावर आवाज चढविला नाही अशा त्या मृदुभाषी सेक्रेटरींपुढे आम्ही भीतीने गर्भगळित झालो होतो, असे लिहून द्यावे लागणार. तात्पर्य, हे कलम अजाण मनुष्याचा कैवार घेते, भ्यालेल्याचाही घेते. केवळ शेजारधर्म म्हणून पैसे मोजणाऱ्या सद्गृहस्थाची मात्र त्यात कोठेही तरतूद नाही.

शिवाय मार्गही सारखे नाहीत. संस्थेचे आमच्याकडे येणे असेल, तर ती निबंधकांकडून वसुली दाखला मिळवून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करू शकते; आमचे येणे असेल, तर सहकार कायद्याच्या कलम ९१ अन्वये सहकार न्यायालयात वादी म्हणून उभे राहावे लागते. तेथे यश आलेच, तर परतावा संस्थेच्या तिजोरीतून, म्हणजे ज्या तिजोरीत आमचाही वाटा आहे तीतून, मिळणार. विजयाच्या आनंदात पराभवाचा खर्चही आम्हीच अंशतः सोसणार. सध्या समितीने पुढील आकारणी थांबविली आहे, मागील रकमेचा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली ढकलला आहे, आणि जावईबापूंच्या पाटीशेजारी आमचीही पाटी लागली आहे.

वाचकहो, वादग्रस्त रक्कम भरावी लागली तर अवश्य भरा, व्याज आणि वैर दोन्ही टळतील. परंतु सोबत ‘हक्क राखून व निषेधपूर्वक’ असे लिहिलेले पत्र द्या, आणि त्याच्या नकलेवर पोच घेतल्याशिवाय जिना चढू नका.