क्षमता-वापर : दोन टक्के

दुसऱ्यानं कोणतं यंत्र घ्यावं हे सांगून मी पोट भरतो. मिरची कांडप, डाळ मिल, द्रोण-पत्रावळी, फ्लेक्स छपाई, शेळ्यांचा गोठा, काहीही असो. बँकेकडे कर्ज मागायचं म्हटलं की प्रकल्प अहवाल लागतो, आणि तो लिहून देणारे आम्ही काही लोक कल्याणात आहोत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ते ५० लाख कागदावर कसे बसवायचे, हे माझं कसब. यंत्राचं नाव, किंमत, तीन कोटेशनं, कच्चा माल, खेळतं भांडवल. क्षमता-वापर पहिल्या वर्षी ६० टक्के, मग ७०, मग ८०. सरतेशेवटी डीएससीआर, म्हणजे धंद्यातून सुटणारा पैसा हप्ता-व्याजाच्या किती पट आहे ते. तो दीडच्या वर दिसला की बँकेतले साहेब पान उलटतात. खाली दिसला की चष्मा काढतात.

अहवाल लिहिता लिहिता मी उपदेशही करतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही. मुरबाडच्या एक ताई मसाला कांडपाचा प्रस्ताव घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्या मनात एक भलंमोठं यंत्र भरलं होतं. मी त्यांना समोर बसवून विचारलं होतं, "ताई, दिवसाला मिरची किती येणार? मग एवढी मोटर कशाला? विक्रेता काय, विकणारच. आपण आपलं काम मोजायचं आणि तेवढंच यंत्र घ्यायचं. तीन ठिकाणी विचारल्याशिवाय तर पाऊलच टाकायचं नाही." ताईंनी हे सगळं वहीत लिहून घेतलं. त्या वहीचा मला पुढे फार त्रास झाला.

माझं स्वतःचं यंत्र म्हणजे विंडोज ७ वर चालणारा डेस्कटॉप. सकाळी बटण दाबायचं, आंघोळ करायची, देवपूजा आटपायची, चहा घ्यायचा आणि मग पडद्यासमोर बसायचं. तोवर तोही तयार झालेला असे. आमचा संसार सुखाचा होता. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, त्याचं मला काही वाटलं नाही. आधाराविना जगणारी बरीच माणसं मी पाहिली आहेत. पण पुढे क्रोमनंही १०९ व्या आवृत्तीवर विंडोज ७ ची साथ सोडली. अर्ज तर सगळे ऑनलाइन भरायचे. एकेका संकेतस्थळाची पानं अर्धीमुर्धी उघडू लागली, मग 'ब्राउझर अद्ययावत करा' असं सांगू लागली आणि एक दिवस एका शेळीपालकाचा अर्ज 'सबमिट'वर जो अडकला तो अडकलाच. शेळीपालक माझ्या शेजारी बसून पडद्याकडे बघत होता. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "साहेब, यालाच एक कर्ज काढा."

नवीन घ्यायचा ठरला. इथे माझ्यातला अहवाल-लेखक जागा व्हायला हवा होता. काम काय? वर्ड, एक्सेल, ब्राउझर, स्कॅन केलेली कागदपत्रं आणि यूएसबीला लावायचं डिजिटल सहीचं टोकन. एवढ्याला आठ जीबी रॅम, साधा प्रोसेसर आणि एक एसएसडी रग्गड झाली. सौभाग्यवतींनी हेच एका ओळीत मांडलं : "अहो, टायपिंगच करायचंय ना?" हा प्रश्न मला अपमानास्पद वाटला. वीस-वीस लाखांची यंत्रं सुचवणाऱ्या माणसानं टायपिंगचं यंत्र घ्यायचं?

मी भाच्याला बोलावलं. भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्यानं आल्या आल्या माझी शिकवणी घेतली. मला वाटायचं, आय-सेव्हन म्हणजे आय-फाइव्हचा थोरला भाऊ. तर तसं नाही. पुढच्या आकड्यांत पिढी लपलेली असते, आणि जुन्या पिढीच्या आय-सेव्हनला नव्या पिढीचा आय-थ्रीसुद्धा मागे टाकतो. (घराघरांतही हेच चाललेलं असतं, पण ते असो.) एक टेराबाइटची डिस्क घेतली तर विंडोज तिच्यात ९३१ जीबीच दाखवतं, कारण बनवणारा हजारानं मोजतो आणि विंडोज १०२४ नं. किलोला नऊशे ग्रॅम देणाऱ्या वाण्याशी भांडायची आपली तयारी असते. इथे भांडायचं कोणाशी? विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो किमान आठव्या पिढीचा असावा लागतो. हे सगळं मी मन लावून लिहून घेतलं.

"मामा, सोळा जीबीच्या खाली जाऊ नका," भाचा म्हणाला. "आणि ग्राफिक कार्ड घ्याच."

"ते कशाला?"

"फ्यूचर-प्रूफ."

माझं वय बघता मला किती फ्यूचर प्रूफ करायचं होतं, हे मी विचारलं नाही.

खरेदी लॅमिंग्टन रोडला. कल्याणहून दादरला उतरायचं, पश्चिम रेल्वेची स्लो पकडायची, ग्रँट रोडला पूर्वेला बाहेर पडायचं. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी मुंबईकराच्या तोंडी १९०३ ते १९०७ या काळातले गव्हर्नर लॅमिंग्टनसाहेब अजून मुक्काम ठोकून आहेत. याच रस्त्यावरच्या मिनर्व्हात 'शोले' पाच वर्षं चालला. आता तिथे वायर, राउटर, कॅमेरे आणि 'अंकल, क्या चाहिए' चालतं.

"अंकल, बजेट बोलो," दुकानातला मुलगा म्हणाला.

कर्जदारानं आधी गरज सांगायची, बजेट शेवटी, हे मी आजवर शेकडो जणांना बजावलं असेल. मी बजेट सांगून टाकलं. वर, फार कमी सांगितलं असं वाटू नये म्हणून थोडं वाढवूनही सांगितलं.

त्यानं पहिल्यांदा एक राखाडी, सपाट, सभ्य लॅपटॉप काढला. सोसायटीच्या सेक्रेटरीला शोभेल असा. मग भाच्याकडे बघून दुसरा काढला. काळाभोर, कोन काढलेला. बटण दाबताच कीबोर्डखालून लाल प्रकाश उमटला, त्याचा जांभळा झाला, निळा झाला, आणि डावीकडून उजवीकडे लाट जाऊ लागली. "१४४ हर्ट्झ," मुलगा म्हणाला. म्हणजे पडदा सेकंदाला १४४ वेळा चित्र ताजं करतो. मी मिनिटाला ४० शब्द टाइप करतो. प्रत्येक शब्द उमटेपर्यंत तो पडदा दोनशेहून अधिक वेळा त्याची वाट बघणार होता. हे गणित मला त्या वेळीच सुचायला हवं होतं. मला सुचलं ते असं की असलं यंत्र टेबलावर असेल तर अहवालाचा दर वाढवता येईल.

"दुसरीकडे पण बघू या का?" हे मी म्हणालो, नाही असं नाही. भाचा म्हणाला, "मामा, स्टॉक एकच आहे." तीन कोटेशनांची वाट तिथे संपली.

मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचं कर्ज शिशु गटात येतं, त्यापुढचं पाच लाखांपर्यंतचं किशोर गटात. माझं काम शिशु गटातलं होतं. मी किशोर गटातलं यंत्र घेऊन घरी आलो.

घरी चार्जर बाहेर काढला. वीटच ती. पिन इतकी जाड की घरातल्या एकाही साध्या सॉकेटात जाईना. फ्रिज, गीझर आणि वॉशिंग मशीन यांनाच लागते तसली, सोळा अँपिअरची. टेबलापाशी तसलं सॉकेट नाही. बाथरूममध्ये बसणं शक्य नव्हतं, फ्रिज काढू देईना कोणी. मग वॉशिंग मशीनशेजारी स्टूल टाकलं. कपडे धुवायचे असले की माझं ऑफिस बंद. बॅटरी दोन तास टिकते असं ऐकलं होतं. दिव्यांची लाट चालू ठेवून दीडच भरली. ती लाट बंद कुठून करायची ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

एका बँकेत साहेबांच्या केबिनमध्ये आकडे दाखवायला मी तो घेऊन गेलो. एक्सेल उघडलं आणि पंखे सुटले. साहेबांनी आधी एसीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कीबोर्डाचा जांभळा प्रकाश त्यांच्या शर्टावर पडला होता. प्रस्ताव कुक्कुटपालनाचा होता. "मुलाचा आहे का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणून टाकलं.

पण खरी शोभा मराठीनं केली. बँकेला अहवाल इंग्रजीत चालतो, बाकी अर्ज, प्रतिज्ञापत्रं, ग्रामपंचायतीचे कागद, सगळं मराठीत. माझी इतक्या वर्षांची मराठी जुन्या फॉन्टांत होती. या फॉन्टांची गंमत अशी की कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर मराठी नसतोच. आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात. फॉन्ट फक्त त्यांना मराठीचे आकार देतो. नव्या यंत्रात फॉन्ट नाही, त्यामुळे माझ्या शेकडो फाइली उघडल्या तर पानभर रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. ते जुनं सॉफ्टवेअर चढवावं म्हटलं तर त्याचं डोंगल प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लावायचं. लॅपटॉपला तसलं पोर्टच नाही. भाच्यानं डोंगल हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि विचारलं, "मामा, हे कशाचं आहे?" पोराच्या जन्माआधीची वस्तू ती.

मग युनिकोड. मी टायपिंग इन्स्टिट्यूटमधून मराठी ३० आणि ४० च्या परीक्षा दिलेला माणूस, बोटं रेमिंग्टनवर तयार झालेली. विंडोजमध्ये मराठी म्हणून आधी मिळतो तो इनस्क्रिप्ट : स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. नेटाने तीही ठेवण पाठ केली, पण हात काय ऐकतात? टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर, कारण ती दिसते डावीकडे. युनिकोडमध्ये अक्षर आधी, वेलांटी मागून. रफाराचं याच्या नेमकं उलट. जुन्या सवयीनं मी 'मिरची' लिहायला गेलो की पडद्यावर 'िमरची' यायची : वेलांटी एका ठिपक्यांच्या वर्तुळावर अधांतरी आणि पुढे मरची. 'कर्ज' व्हायचं 'कजर्'. 'खर्च' व्हायचा 'खचर्'. ज्या माणसाच्या अहवालात दर तिसऱ्या ओळीला कर्ज आणि खर्च आहे, त्यानं काय करावं? मुरबाडच्या ताईंचा दुसऱ्या यंत्राचा प्रस्ताव मी याच अवस्थेत छापून त्यांच्या हाती ठेवला.

ताईंनी वाचला. मग वॉशिंग मशीनवर ठेवलेल्या लॅपटॉपकडे बघितलं. लाट डावीकडून उजवीकडे गेली.

"भाऊ, नवीन घेतलात?"

"हो."

"केवढ्याचा?"

मी सांगितलं. ताईंनी पिशवीतून ती वही काढली, पानं उलटली आणि शांतपणे विचारलं, "दिवसाला काम किती येतं? आणि कोटेशनं कोणाकोणाची घेतली होती?"

सौभाग्यवतींनी आतून त्यांच्यासाठी चहा आणला. माझ्यासाठी आणला नाही.

आयकरात तरी काही सुटेल म्हणून सीएकडे बिल घेऊन गेलो. कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो हे मीच प्रत्येक अहवालात लिहितो. सीए म्हणाले, "तुमचं विवरण आपण ४४ एडीए खाली भरतो. निम्मं उत्पन्न नफा धरला की घसारा त्यातच आला. वेगळा मिळत नाही." बिलावरचा १८ टक्के जीएसटी परत मिळेल का, असं विचारलं तर म्हणाले, "नोंदणी आहे का तुमची?" नव्हती.

रात्री टास्क मॅनेजर उघडून बघितला. वर्ड, एक्सेल, ब्राउझर, तिन्ही चालू. प्रोसेसरचा वापर दोन टक्के. ग्राफिक कार्ड शून्य. पहिल्या वर्षी ६० टक्के क्षमता-वापर न दाखवणारा प्रस्ताव मी स्वतःच परत पाठवला असता. एक्सेलमध्ये माझाच डीएससीआर काढायला घेतला होता. तेवढ्यात धुण्याची वेळ झाली.

यंत्राचा पूर्ण वापर करणारी व्यक्ती एकच निघाली. भाचा दर रविवारी 'मामा, जरा अपडेट बघून जातो' म्हणून येतो आणि संध्याकाळपर्यंत अपडेट बघतो. आतून गोळ्यांचे आवाज येतात. तेव्हा मात्र सगळे पंखे, सगळे दिवे आणि सगळे १४४ हर्ट्झ कामाला लागलेले असतात. युनिकोडमध्येही रेमिंग्टनच्या ठेवणीचा कीबोर्ड मिळतो, वेलांटी-रफार तो आपोआप जागेवर बसवतो, हे मला त्याच्याच एका मित्रानं सहज जाता जाता सांगितलं. भाच्याला ते माहीत होतं. "तुम्ही विचारलं नाहीत, मामा," म्हणाला.

हल्ली मी काम करतो ते कंपन्यांनी वापरून विकलेल्या डेस्कटॉपवर. आठव्या पिढीचा प्रोसेसर, आठ जीबी रॅम, एसएसडी आणि साधी पिन. बटण दाबल्यावर आंघोळीला जायला वेळ मिळत नाही, एवढीच तक्रार. या वेळी तीन कोटेशनं घेतली. तिन्ही ताईंच्या वहीत चिकटवली आहेत. त्यांनीच मागून घेतली.

तेव्हा वाचकांना विनंती. लॅपटॉप उत्तम स्थितीत आहे, कीबोर्डावरची अक्षरं कोरी आहेत, फक्त बाणांच्या चार कळा थोड्या झिजल्या आहेत. ओळखीत कोणी खेळणारा तरुण असेल आणि त्याच्या घरी सोळा अँपिअरचं सॉकेट असेल, तर रविवार सोडून कधीही येऊन बघून जावं. कर्ज लागलं तर प्रकल्प अहवाल मी फुकट लिहून देईन.