डांबरावर बुडालेली होडी

मंगरूळपीरला बसून होडी विकत घेणे अवघड नाही. घेतलेली होडी मंगरूळपीरला आणणे अवघड आहे. गावाला रेल्वे नाही आणि समुद्र रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या पुढे. आता होडीच आहे तर पाण्याने का येऊ नये, असे कोणी म्हणेल. येऊ शकेल की! बंगालच्या उपसागरातून गोदावरीत शिरायचे, प्राणहितेतून वर्धेत, वर्धेतून पैनगंगेत, पैनगंगेतून अडाण नदीत, सगळे प्रवाहाच्या उलट वल्ही मारत. तोवर उन्हाळा लागला तर अडाणच्या पात्रात होडीला बैल जुंपायचे. तेव्हा रस्ताच बरा.

आणि तालुक्याला होडी लागते, हेही खरे. मंगरूळपीर शहराला पाणी देणारे मोतसावंगा धरण आहे, जिल्ह्यात अडाण, सोनल आणि एकबुर्जी हे तीन मध्यम प्रकल्प आहेत. पाणी आले की मासे आले, मासे आले की मच्छीमार सहकारी संस्था आली, संस्था आली की सभा, ठराव आणि लेखापरीक्षण आले. रोहू, कटला, मृगळची बोटुकली तलावात सोडायची, वर्षभर सांभाळायची आणि रात्री भलत्यानेच जाळे टाकून न्यायची, हा तलावाच्या ठेक्यातला नेहमीचा नफा-तोटा. जुने मच्छीमार ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबवर नाहीतर थर्माकोलच्या तराफ्यावर बसून आयुष्य काढतात. पण चोरामागे ट्यूबवर बसून हातांनी पाणी मारत जायचे, तर चोर काठावर पोचून, मासे विकून, घरी जाऊन जेवतो.

एका अशा संस्थेची कल्पना करू या. तिचे सचिव म्हणजे भाऊ. नाव काहीही असो, वऱ्हाडात सचिव असलेल्या माणसाला भाऊच म्हणतात. भाऊंनी कोकणातून सोळा फुटी फायबरची जुनी होडी ठरवली, मागे मशीनसकट. होडी ट्रकवर चढली आणि समृद्धी महामार्गावर लागली. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ ला मुंबईच्या बाजूने पुरा झाला, त्यामुळे कोकणचा माल वाशिम जिल्ह्यात शेलूबाजारला सरळ उतरवता येतो. होडीला त्या अख्ख्या प्रवासात ओरखडासुद्धा उठला नाही. ट्रक पुढे नागपूरला जाणार होता. ड्रायव्हरने शेलूबाजारच्या पुढे एक किलोमीटरही आत यायला नकार दिला. हायड्रा बोलावली, होडी उचलली आणि भाऊंनी आणलेल्या ट्रेलरवर ठेवली.

हा ट्रेलर पाहण्यासारखा होता. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात जुन्या ट्रॉलीचा आस, दोन चॅनेल आणि भंगारातले कमान पाटे यांतून तो जन्मला होता. त्याला दिवे नव्हते, ब्रेक नव्हता आणि नंबर तर नव्हताच. पुढे बोलेरो जोडली होती. चहाच्या टपरीवरून हाळी आलीच, "काहून भाऊ, समुद्र आनून ऱ्हायले का मंगरूळले?" भाऊ म्हणाले, "नाव आनली. समुद्र मांगच्या गाडीत हाय."

ओढकामाचे एक शास्त्र आहे आणि ते मुळीच अवघड नाही. ट्रेलर आणि त्यावरचा माल मिळून जेवढे वजन होते, त्याचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या हूकवर पडावा. वजन आसाच्या मागे सरकले की ट्रेलरचे तोंड हलके होते, आणि तोंड हलके झाले की तो डावी-उजवीकडे शेपूट हलवायला लागतो. आता होडीचे सगळे जड सामान मागे असते: मशीन मागे, डिझेल-पेट्रोलची टाकी मागे, आणि भाऊंच्या बाबतीत संस्थेचे दोन सदस्यही 'नाव धरून ठेवायला' मागेच बसले होते. त्यांना वेळीच उतरवून बोलेरोत घेतले गेले, एवढी एक गोष्ट त्या दिवशी बरोबर झाली.

दुसरी गोष्ट पिनची. बोटभर जाडीची लोखंडी पिन हूकच्या भोकातून आरपार जाते आणि तिच्या खालच्या टोकाला, ती वर उसळू नये म्हणून, एक छोटी लॉकपिन घालतात. लॉकपिन पाच-दहा रुपयांची वस्तू. म्हणूनच ती नेहमी हरवलेली असते आणि तिच्या जागी बाइंडिंगची तार पिळलेली असते. तारेला पीळ किती द्यायचे याचा नियम नाही. पक्कड हातात असलेल्याचे मनगट दुखेपर्यंत. हे सगळे जिथे नीट असते तिथे शिवाय एक साखळी असते, पिन निसटलीच तर ट्रेलर गाडीला धरून ठेवणारी. भाऊंकडे साखळीही होती. ती बोलेरोच्या डिक्कीत होती.

ट्रेलर शेपूट हलवायला लागला तेव्हा ड्रायव्हरने माणसाच्या स्वभावाला धरून ब्रेक मारला. अशा वेळी करकचून ब्रेक मारला की मागचे वजन आणखी जोर करते. करायचे असते ते एवढेच, की पाय ॲक्सिलरेटरवरून अलगद काढून गाडी सरळ धरायची. तारेचा पीळ सुटला, पिन उडाली, बोलेरो पुढे निघून गेली आणि ट्रेलर स्वतःच्या मर्जीने मोरीच्या कठड्याकडे वळला. होडी नाळेवर आपटली, पालथी झाली आणि पोटाला बोट घालता येईल एवढी चीर पडली. माणूस किंवा जनावर कोणालाही खरचटले नाही. जिला पाण्याचे भय नसते ती कोरड्या ठणठणीत रस्त्यावर गेली.

अशा वेळी मनाला उभारी देणारे एक उदाहरण इतिहासात आहे, आणि ते भाऊंना कोणीतरी सांगायला हवे होते. १९१५ साली ब्रिटिश नौदलाने जर्मनांचे वर्चस्व मोडायला दोन मोटरबोटी आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरावर न्यायच्या ठरवल्या. कमांडर स्पायसर-सिमसनला त्यांची नावे 'कॅट' आणि 'डॉग' ठेवायची होती. वरिष्ठांना ते रुचले नाही, म्हणून त्याने 'मिमी' आणि 'टुटू' ठेवली. केपटाऊनला उतरलेल्या या बोटी आधी रेल्वेने, मग वाफेच्या ओढइंजिनांनी आणि बैलांच्या जोड्या लावून डोंगर चढवल्या, पुन्हा रेल्वे, मध्ये नदी, असे करत सरोवराकाठी पोचवल्या. त्याच वर्षी २६ डिसेंबरला त्यांनी जर्मनांची 'किंगानी' पकडली आणि तिचे नाव ठेवले 'फिफी'. म्हणजे बोट वाढवायची ती दुकानातून नव्हे, शत्रूकडून. जर्मनांनी तर त्या सरोवरासाठी अख्खे जहाज सुटे करून सुमारे पाच हजार पेट्यांतून आणले होते. ते पुढे त्यांनी स्वतःच बुडवले, ब्रिटिशांनी वर काढले आणि 'लिएंबा' नावाने पुढे कित्येक दशके चालत राहिले. एवढ्या खटाटोपात ब्रिटिशांकडे एक गोष्ट मात्र होती: बैल. बैल ब्रेक मारताना घाबरत नाही.

भाऊंपुढे प्रश्न होता भरपाईचा. इथून पुढचा प्रवास होडीच्या प्रवासापेक्षा लांब आहे.

पहिला मुक्काम ट्रेलरवर. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये मोटार वाहनाची जी व्याख्या आहे, तीत ट्रेलर धरलेला आहे. त्याला इंजिन नसले, तो स्वतःहून वीतभर सरकत नसला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो मोटार वाहन आहे आणि त्याला वाशिमच्या आरटीओचा एमएच ३७ लागतो. शेतकऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे, निदान कोर्टात गेलेल्यांना तरी. ट्रॅक्टरचा विमा आहे पण ट्रॉलीचा नाही, मग अपघाताचे पैसे कोणी द्यायचे, यावर देशभरच्या न्यायाधिकरणांत वर्षानुवर्षे खटले चाललेले आहेत. भाऊंच्या ट्रेलरला नोंद नव्हती, म्हणजे कागदोपत्री तो जन्मलेलाच नव्हता. जे जन्मलेच नाही ते मोडले कसे, हा प्रश्न सर्व्हेअरने अतिशय नम्रपणे विचारला.

दुसरा मुक्काम होडीचा. रस्त्याने जाणाऱ्या मालाचा विमा आपल्याकडे विमा कंपनीच्या सागरी खात्यातून निघतो. १९३८ च्या विमा कायद्यानेच जमिनीवरची मालवाहतूक सागरी विम्यात बसवली आहे. त्यामुळे मंगरूळपीरच्या बाजारातून निघालेले सोयाबीनचे पोते विम्यापुरते दर्यावर्दी असते. भाऊंनाही वाटले, चला, होडी तरी योग्य खात्यात आहे! पण या पॉलिसीचे तीन प्रकार: 'ए' मध्ये जवळजवळ सगळे धोके, 'बी' मध्ये टक्कर, वाहन उलटणे वगैरे ठरावीक धोके, आणि सगळ्यांत स्वस्त 'सी' मध्ये फक्त आग आणि वीज. सभेने काटकसरीचा ठराव करून 'सी' घेतली होती. होडीवर वीज पडली असती तर पैसे आले असते. अपघातानंतर दोन दिवसांनी आभाळ भरून आले तेव्हा एका सदस्याने होडी उघड्यावर नेऊन ठेवायची सूचना मांडली. ती इतिवृत्तात घेतली नाही.

सर्व्हेअरने निघता निघता मोटार विम्याची घसाऱ्याची कोष्टकेही समजावून दिली, नुसती माहिती म्हणून. सुटे भाग बदलताना रबर, नायलॉन, प्लास्टिकवर ५० टक्के कपात, फायबरग्लासवर ३० टक्के, काचेवर काही नाही. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी गेली असे धरतात. संस्थेच्या होडीची काच तेवढी शाबूत होती.

तिसरा मुक्काम सरकारी मदतीचा. केंद्राच्या आपत्ती निकषांत २०२२ ते २०२६ साठी पूर्ण नष्ट झालेल्या मच्छीमार होडीला १५,००० रुपये धरलेले आहेत. मात्र होडी पुरात, वादळात, अशा नैसर्गिक आपत्तीत गेलेली हवी. तलाठ्यांनी पंचनामा करायला नकार दिला नाही; त्यांनी एवढेच विचारले की आपत्तीच्या रकान्यात 'बाइंडिंगची तार' कशी लिहायची?

राहिली नवी होडी. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य मिळते. ही टक्केवारी वाचून दाखवल्यावर संस्थेतल्या अनेक पुरुषांना आपापल्या बायकांचे मत विचारावेसे वाटले, हा योजनेचा एक न मोजलेला लाभ म्हणायला हरकत नाही. एका वहिनींनी लगेच विचारलेही, "नाव माह्या नावावर, तं चालवन कोन?"

पण विशेष सभा तापली ती पैशावरून नाही, लांबीवरून. यापुढे ट्रेलर नको, यावर एकमत होते. मग होडी छोट्या हत्तीत बसली पाहिजे. त्याचा हौदा साधारण सात फुटांचा. सात फुटी होडीत चोर पकडायला गेलेला माणूस बसेल, पण पकडलेला चोर कुठे बसवायचा? "मोठी घ्या अन् मांगून बाहेर काढा, लाल फडकं बांधा," असे कोणी सुचवले. त्यावर ट्रान्सपोर्टमधल्या एका जावयाने सांगितले, २०१९ च्या दुरुस्तीनंतर माल गाडीबाहेर काढला तर दंड २०,००० रुपये, शिवाय उतरवायचा खर्च वेगळा. पुरात बुडालेल्या होडीला सरकार देते पंधरा हजार आणि हौद्याबाहेर डोकावणाऱ्या होडीकडून घेते वीस. सभेत काही काळ सगळे पाच हजारांच्या फरकाचाच विचार करत राहिले.

शेवटी रबरी बोट ठरली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या महापुरात नौदल आणि एनडीआरएफची पथके असल्याच बोटी घेऊन उतरली होती. हवा काढली की गुंडाळी, हवा भरली की बोट. ट्रेलर नको, पिन नको, एमएच ३७ नको. गुंडाळी छोट्या हत्तीत नीट मावली, वर दोन सदस्यही मावले. शेलूबाजारच्या टपरीवरून कोणी हाक मारली नाही, कारण ताडपत्री चालली आहे असेच सगळ्यांना वाटले.

तलावाकाठी बोट फुगवली, पूजा झाली, नारळ फुटला. म्हातारे मच्छीमार लांबून पाहत होते. त्यांच्यातल्या एकाने विचारले, "तळ्यातल्या बाभळी काढल्या का भाऊ?" धरणात बुडालेली बाभूळ वर्षानुवर्षे कुजत नाही, आणि पाणी उतरले की तिचे काटे नेमके पृष्ठभागाखाली येतात, हे त्यांना ट्यूबवरच्या अनुभवाने माहीत होते. ट्यूबची किंमत थोडी आणि ठिगळे त्यांची त्यांना लावता येत. भाऊंनी 'पाहू पुढं' म्हटले आणि बोट लोटली.

संध्याकाळी गुंडाळी पुन्हा छोट्या हत्तीत होती आणि छोटा हत्ती पंक्चरच्या दुकानापुढे उभा होता. दुकानदाराने ती उलगडली, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिली, हौदातले पाणी पाहिले आणि म्हणाला, "भाऊ, हे बुडवून पाहाले माह्याजवळ एवढं टाकं नाही. तळ्यातच ने, म्या तिकडंच येतो."