पाचवरचा पंखा

पंख्याबद्दल आपल्याकडे दोन ठाम मतं आहेत आणि बहुतेक वेळा ती एकाच माणसाची असतात. पहिलं मत असं, की पंखा नुसती गरम हवा फिरवतो, त्याचा काही उपयोग नाही. दुसरं असं, की बाहेर जाताना तो चालू ठेवावा, म्हणजे आल्यावर खोली गार मिळते. पहिलं मत निम्मं खरं आहे. दुसरं साफ चूक आहे आणि विजेचं बिल दर महिन्याला ते लेखी कळवतं. छताचा पंखा हवेचं तापमान अर्ध्या अंशानेही उतरवत नाही. उलट नेहमीचा 48 इंची पंखा 70-75 वॅट वीज खातो आणि ती सगळी शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत मुक्काम करते. खिडक्या लावून रिकाम्या खोलीत पंखा सोडून जाणं म्हणजे कुलूपबंद घरात मंद शेगडी पेटती ठेवून जाणं. वाऱ्यात ठेवलेल्या थर्मामीटरचा पारा जागचा हलत नाही, कारण त्या बिचाऱ्याला घाम येत नाही.

सगळी मेख या घामातच आहे. त्वचेला लागून हवेचा एक पातळ थर असतो, आपल्याच उबेने तापलेला आणि आपल्याच घामाने दमट झालेला. पंखा तो हटवतो, कोरडी हवा त्याची जागा घेते आणि घाम सुकतो. एक लिटर घाम अंगावर सुकताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, म्हणजे युनिटच्या हिशेबात दोन तृतीयांश युनिट. तेवढ्या विजेवर साधा पंखा जवळजवळ नऊ तास चालतो. थंडावा देण्याचं खरं काम घाम फुकटात करत असतो आणि आपण मात्र त्याच्यावर पावडर थापतो, वर सिंथेटिक शर्ट चढवतो आणि दोष पंख्याला देतो. वारा उघड्या अंगाला किंवा सुती कपड्याला लागला पाहिजे, एवढी साधी अट आहे. आणखी एक खुलासा पाहुण्यांसाठी: ‘या, पंख्याखाली बसा’ म्हणून यजमान ज्या खुर्चीवर बसवतात, ती बरोबर मोटरखाली असेल तर तो मान फक्त कागदोपत्री आहे. मोटरच्या थेट खाली वारा कमीच येतो. खरा झोत पात्यांच्या मध्याखाली पडतो, आणि तिथे बहुधा यजमानच बसलेले असतात.

यावर नागपूरकर विचारतील, की मग मे महिन्यात आमच्याकडे पंखा भट्टीचा वारा का फेकतो? प्रश्न रास्त आहे. त्वचेचं तापमान साधारण 35 अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गार असेल तोवर वारा दुहेरी कामाचा. हवा त्याहून तापली, की तोच वारा अंगात उष्णता भरू लागतो आणि घाम सुकण्याचा फायदा तेवढ्याने कमी होतो. जागतिक आरोग्य संघटना तर 40 अंशांच्या पुढे पंख्यावर विसंबू नका, असंच सांगते. त्यामुळे 33-34 अंशांत घामाने निथळणाऱ्या मुंबईकराने पंचेचाळिशी पाहणाऱ्या अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या मेहुण्याला ‘पंखा पाचवर ठेवा की’ असा सल्ला देऊ नये. तिथली हवा कोरडी असते, म्हणून तिथे कूलर आणि वाळ्याचे ताटे चालतात, आणि तेही नसेल तर अंगावर ओला पंचा घेऊन पंख्याखाली बसणं उपयोगी पडतं. मुंबईत हेच कूलर आणून ठेवले, तर खोलीत फक्त दमटपणा वाढेल.

वरच्या मजल्यावरच्या लोकांची तक्रार वेगळी आणि खरी आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो आणि छताशी साचलेली ती हवा पंखा इमाने इतबारे आपल्या डोक्यावर आणून ओततो. गुन्हा स्लॅबचा, आरोपी पंखा. दुपारी पडदे ओढून खिडक्या बंद ठेवायच्या, रात्री बाहेरची हवा निवली की समोरासमोरच्या उघडायच्या आणि गच्चीला चुना फासायचा, एवढं केलं तर पंख्याच्या हाती बरी हवा लागते. ‘आमच्याकडे एसी आहे’ म्हणणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. जोडीला पंखा असेल तर 26-27 अंशांवरही झोप लागते; 18 वर लावून वर गोधडी घेण्याची गरज उरत नाही.

राहता राहिला रेग्युलेटर. ‘पंखा हळू केला तरी वीज तेवढीच जाते’ हे वाक्य घराघरातल्या ज्येष्ठांनी जपून ठेवलं आहे, आणि त्यांच्या काळात त्यात बरंच तथ्य होतं. तेव्हाच्या त्या जाडजूड डब्यात वाचलेली वीज बरीचशी उष्णता होऊन जायची आणि डबा हाताला गरम लागायचा. आताच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरला हा आरोप लागू नाही. बीएलडीसी पंखा तर पूर्ण वेगातही 28 ते 35 वॅटमध्ये भागवतो. पण तो घ्यायला निघण्याआधी स्टुलावर चढून जुन्या पंख्याची पाती बघा. पुढच्या कडेला काळ्या, चिकट धुळीचा पट्टा बसलेला असेल, तो ओल्या फडक्याने पुसा. पंखा खालून बघताना घड्याळाच्या उलट फिरतोय ना, तेही पाहा. नाहीतर वारा छताला लागत असेल. आणि पाचवर ठेवूनही तो दोनसारखा रेंगाळत असेल, तर मोटरला शिव्या देऊ नका. वायरमनला बोलवा आणि कंडेन्सर बदलून घ्या. पंखा ‘म्हातारा झाला’ म्हणून भंगारात काढला जातो, तेव्हा पुष्कळदा बिघडलेला असतो तो फक्त कंडेन्सर.