एकतर्फी दुभाषी

आमच्या घरी संगणक 2009 साली दाखल झाला, आणि तेव्हापासून त्याने वीजबिलांच्या नोंदी, दोन विवाहांच्या निमंत्रणयाद्या, गळक्या टाकीविषयी सोसायटीशी चाललेला प्रदीर्घ पत्रव्यवहार आणि प्रस्तुत सदर एवढा कारभार निमूटपणे सांभाळला असल्यामुळे, त्याचा मॉनिटर वार्धक्याने अंधुक होऊ लागला तेव्हा यंत्र निवृत्त न करता केवळ मॉनिटर बदलावा, असा ठराव आम्ही कुटुंबसभेत एक विरुद्ध शून्य अशा बहुमताने (उर्वरित सभासद तटस्थ) संमत करून घेतला. हा निर्णय कृतज्ञतेचा नसून कंजूषपणाचा आहे, असे शेजारी म्हणाले. त्यात तथ्य आहे.

नवा मॉनिटर आला, खोक्यातून निघाला, आणि पेच उभा राहिला. आमच्या संगणकाच्या पाठीशी पंधरा छिद्रांचे, निळ्या रंगाचे, व्हीजीए नावाचे एकच द्वार आहे. नव्या मॉनिटरच्या पाठीशी एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट ही नव्या अमदानीतील दोन घराणी नांदत असून निळ्या घराण्याचा तेथे मागमूसही नव्हता. आयबीएमने 1987 साली सुरू केलेल्या या वतनावर 2010 च्या डिसेंबरात इंटेल, एएमडी आणि त्यांच्या सहकारी कंपन्यांनी जप्तीचे फर्मान काढले व 2015 ही अखेरची मुदत ठरवली, ही वार्ता आमच्यापर्यंत पोहोचली नव्हती; आमच्याकडील पुष्कळ कचेऱ्यांतल्या प्रोजेक्टरांपर्यंत ती अद्यापही पोहोचलेली दिसत नाही.

तेव्हा ज्या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग असून ज्याला सारी मुंबई लॅमिंग्टन रोड म्हणते, तेथील एका दुकानातून आम्ही कन्व्हर्टर आणला. एका अंगास एचडीएमआय, दुसऱ्या अंगास व्हीजीए. जुनी निळी केबल एकीकडून, मॉनिटर दुसरीकडून, दोन्ही टोके अशी चपखल बसली की पत्रिका जुळल्याचे समाधान वाटले. बटण दाबले. सीपीयूचा पंखा फिरू लागला, आणि काळ्या पडद्यावर ‘नो सिग्नल’ असा शेरा मारलेली एक चौकट, साहेब जागेवर नसल्याचे सांगत व्हरांड्यात येरझारा घालणाऱ्या पट्टेवाल्याप्रमाणे, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हिंडू लागली.

या देशात संगणक बिघडला की तज्ज्ञ बोलवावे लागत नाहीत, ते येतात. भाच्याने “मामा, रॅम काढून रबर मारा” असा सल्ला दिला, आणि ज्या खोडरबराने आम्ही एकेकाळी शुद्धलेखनाच्या चुका खोडल्या त्याने रॅमचे सोनेरी दात घासून झाले; तळमजल्यावरच्या गृहस्थांनी मदरबोर्ड ‘गेला’ असे सांगून दुखवट्याचा चेहरा केला; आणि दूरध्वनीवरून निदान करणाऱ्या कारागिराने, पलीकडे काय आहे हे न विचारताच, फॉरमॅट मारण्याची शिफारस केली. केबल सोडवून जुन्या अंधुक मॉनिटरला जोडून पाहावी, हे एकाही तज्ज्ञास सुचले नाही. ते आमच्या पत्नीस सुचले. चित्र आले, अर्थात संगणक निर्दोष होता, आणि नवा मॉनिटर भाच्याच्या लॅपटॉपशी उत्तम बोलत असल्यामुळे तोही निर्दोष ठरला.

अपराधी मधला दुभाषी होता. व्हीजीए तांबडा, हिरवा व निळा हे तीन रंग विद्युद्दाबाच्या चढउतारांनी कळवते, म्हणजे तिचे बोलणे गायकाच्या आलापासारखे अखंड. एचडीएमआयला मात्र सारा मजकूर शून्य आणि एक या दोन अंकांत, हिशेबनिसाच्या खर्ड्याप्रमाणे मांडून हवा असतो. एकाचे दुसऱ्यात भाषांतर करण्यास आत चिप लागते, ती एकाच दिशेने काम करते, आणि आमच्या पदरी पडलेला दुभाषी नव्या भाषेतून जुन्या भाषेत भाषांतर करणारा होता, जुनीतून नवीत नव्हे. दोन्ही टोके मात्र उभय पक्षांस बसतात. इतकी आकर्षक आणि इतकी निरुपयोगी सोय योजणाऱ्याची बढती होऊन तो आता वरिष्ठ हुद्द्यावर असेल, याविषयी आम्हास शंका नाही. दुकानदाराकडे दाद मागितली, तेव्हा “विकलेला माल परत घेतला जाणार नाही” या पाटीकडे त्याने नुसते बोट दाखवले.

दुसरा कन्व्हर्टर योग्य दिशेचा मिळाला. हा दुभाषी वेतनाशिवाय तोंड उघडीत नाही, त्यास यूएसबीतून वेगळी वीज पुरवावी लागते. आणि व्हीजीएतून आवाज जात नसल्यामुळे त्यासाठी एक तिसरी वायर. तरीही ‘नो सिग्नल’! कारण मॉनिटर डिस्प्लेपोर्टच्या दाराशी कान लावून बसला होता. त्याच्या हनुवटीखालचे बटण चाचपून इनपुट एचडीएमआयवर आणले, आणि चित्र उमटले. पहिल्या दिवशी ते 1024×768 चे असल्याने रुंद पडद्यावर ताणले जाऊन विवाहाच्या छायाचित्रांतील समस्त नातलग स्थूल दिसले, त्यास कोणाची हरकत आली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही 1920×1080 निवडून त्यांना मूळ आकारावर आणले.

पहिला कन्व्हर्टर टेबलाच्या खणात नव्यासारखा पडून आहे. नवा लॅपटॉप जुन्या मॉनिटरला जोडू इच्छिणाऱ्या वाचकास तो निम्म्या किमतीत मिळेल. मात्र दिशा आधी तपासून घ्यावी, माल परत घेतला जाणार नाही.