सव्वाशे सी.सी.ची सीमारेषा

मोटारसायकलीस अँटी-लॉक ब्रेक हवेत की नकोत, या वादाचा निकाल सरकारदरबारी १ एप्रिल २०१९ रोजीच लागला असून, १२५ सी.सी.वरील नव्या गाडीचे चाक जखडू नये अशी तजवीज सक्तीची झाली आहे. त्याखालच्या रयतेस मात्र एका ब्रेकने दोन्ही चाके आवळण्याची सोय पुरेशी मानली गेली, जणू पहिल्या पावसातला तेलकट रस्ता इंजिनाची क्षमता विचारूनच घसरवितो. कर्कश हॉर्नवर मुक्तहस्ते खर्च करणारे आमचे एक स्नेही ‘माझ्या बोटांना अंदाज आहे’ म्हणून या यंत्रणेस नाहक भुर्दंड समजत. पुढे वाळूवर तिनेच ब्रेक क्षणोक्षणी सोडून-धरून त्यांना उभे ठेवले, तेव्हा लिव्हर थरथरतो अशी तक्रार घेऊन ते तडक मेकॅनिककडे गेले.